समुद्रात ‘वाया जाणारं’ पाणी: सागरी राखीव क्षेत्रांबद्दल आपण खानदेशी माणसांनी बोलायचं की नाही?

सुकटवाली_शहादा · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, पण विषय बरेच दिवस मनात घोळतोय, एकदा लिहूनच टाकते.

माझी आई शहाद्याच्या आठवडे बाजारात गेली चाळीस वर्षं सुकट-बोंबील विकते. ठोक खरेदी आता मी बघते. माल वसई-अर्नाळ्याचा असतो, गुजरातमधल्या जाफराबादचाही असतो. तिकडे बोंबील वाळवताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी वलांडीवरच्या दोरीला टांगतात. त्यामुळे पोतं सोडलं की बोंबील बऱ्याचदा जोडीनेच हाती लागतो. मागच्या महिन्यात आईने अशी एक जोडी उचलली, सोडवली आणि एक बोंबील पंजावर ठेवून पाहिला. मनगटापासून मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत आला, पुढे नाही. "ह्या ते लेकरे शेतस वं," ती म्हणाली. "यासले कोनी धरं?" तो परत जोडीत अडकवायला गेली तर वाळलेला जबडा मोडला. त्या दिवशी तिने ते पोतं मांडलंच नाही.

मी वसईच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, ताई, मोठा माल निघतच नाही तर देऊ कुठून? त्याच्याकडूनच कळलं की महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिलीय. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०. त्याखालचा मासा धरायचा नाही. पण मासा जाळ्यात मेल्यावर मोजून उपयोग काय, लहान मासा जिथे वाढतो ती जागाच राखली पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

तेव्हापासून या जागा राखण्याबद्दल मिळेल ते वाचतेय. आपल्या राज्यात समुद्राच्या पाण्यातलं अभयारण्य म्हणजे मालवणचं, १९८७ सालचं. २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं. जगभरच्या देशांनी २०२२ च्या डिसेंबरात मॉन्ट्रियलला ठरवलंय की २०३० पर्यंत जमीन आणि समुद्र, दोन्हींचा ३० टक्के भाग राखायचा. आपलं सरकारही त्यात आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत समुद्रावर नव्या रेघा आखल्या जाणार.

आता मुद्द्यावर येते. शाळेत असल्यापासून एक वाक्य ऐकत आलेय, "तापीचं पाणी समुद्रात वाया चाललंय." भाषणात, पेपरात, लग्नाच्या पंगतीत. मीही म्हटलंय. पण बोंबील मुख्यतः आपल्याच बाजूच्या समुद्रात सापडतो, खंबातच्या आखाताच्या तोंडापासून मुंबई-रायगडपर्यंत. त्या आखातात तापी, नर्मदा, मही, साबरमती अशा नद्या गोडं पाणी आणि गाळ ओततात. गाळाबरोबर खाद्य जातं, त्यावर बारीक जीव वाढतात, त्यांच्यावर मासा. मुलताईहून निघालेली तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतच्या खाली जे सोडते, त्यातलंच काही आईच्या टोपलीत परत येतं. मग ते पाणी वाया गेलं असं कसं म्हणायचं?

समुद्र राखायच्या बैठकीत खानदेशाला कुणी बोलावत नाही, कारण आपल्याला किनारा नाही. मला वाटतं आपण बोलायला हवं. तुम्हाला काय वाटतं?


बोरीकाठचा_शेतकरी · रविवार, रात्री १०.२५

ताई, तुमच्या आईबद्दल आदर आहे, पण हे वाचून जीव जळाला. मी अमळनेर तालुक्यातला. पाडळसरेचं धरण रखडलंय त्यात आमची एक पिढी म्हातारी झाली. तापीच्या पाण्यात महाराष्ट्राचा वाटा १९१.४० टीएमसी धरलेला आहे, तो आपल्याला पुरता अडवता येत नाही. पावसाळ्यात तापी दुथडी भरून माझ्या डोळ्यांसमोरून जाते आणि मार्चमध्ये गावात टँकर येतो. अशा माणसाला तुम्ही सांगता, पाणी वाया जात नाही. मग आमचं काय जातं?

उद्या कुणी हेच वाक्य उचलून म्हणेल की समुद्रासाठी पाणी सोडा, धरण नको. तेव्हा आम्ही कुठे जायचं?


मालवणची_लेक · रविवार, रात्री ११.०५

मी माहेरची मालवणची, सासर धुळं. पंधरा वर्षं इथे आहे. दोन्हीकडची दुखणी कळतात म्हणून लिहिते.

अभयारण्याचं नाव काढलं की आमच्या वाड्यात अजून लोक उठून बसतात. १९८७ च्या एप्रिलमध्ये अधिसूचना निघाली. एकूण २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातलं ३.१८२ गाभा क्षेत्र, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचं. आकडे ऐकून वाटतं की केवढंसं ते. पण रापणकरासाठी तेच अख्खं जग आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, त्याला वीस-तीस-चाळीस माणसं लागतात. ते खोल समुद्रात जाऊच शकत नाही. मोठा ट्रॉलर राखीव क्षेत्र ओलांडून पलीकडे मासेमारी करेल, रापणकर कुठे जाणार?

माझ्या आजोबांना सरकारी कागद आल्यावर कळलं की आपण रोज उतरतो ते पाणी आता अभयारण्य झालंय. किल्ल्याभोवती खडक कुठे, कुठल्या खडकात कुठला मासा अंडी घालतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. कुणी विचारलं असतं तर त्यांनी स्वतःच बोट दाखवून सांगितलं असतं, हे राखा. विचारलं नाही, म्हणून सगळ्यालाच विरोध झाला. कागदावर अभयारण्य राहिलं, आणि परप्रांतातले मोठे ट्रॉलर, एलईडी लावून मासे धरणारे, त्यांचा उच्छाद मात्र थांबला नाही. आमच्या लोकांनाही पोवळी नकोत असं थोडंच आहे? मासा पोवळ्यात वाढतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

शेतकरी दादा, तुमचा राग मला समजतो. आजोबांचा असाच होता.


निवृत्त_वनपाल · सोमवार, सकाळी ७.१०

नोकरीची बरीच वर्षं यावल अभयारण्यात गेली, काही दिवस अनेर धरण अभयारण्यात. जमिनीवरचं अभयारण्य कसं होतं ते पाहिलेलं आहे, म्हणून समुद्राचा फरक सांगतो.

जमिनीवर आधी शासन इरादा जाहीर करतं. मग जिल्हाधिकारी चौकशी करतो, कुणाचा हक्क कशावर आहे, चराई, वाट, पाणी, शेत. दावे ऐकायचे, त्यांचा निकाल लावायचा आणि मग अंतिम अधिसूचना. ही चौकशी बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं अर्धवट राहते हा माझा अनुभव, पण निदान सातबारा असतो, गट नंबर असतो, माणूस बोट ठेवून सांगू शकतो की हे माझं.

समुद्रात गट नंबर नाही. तिथे हद्द ठरवताना नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकाचा सल्ला घ्यावा लागतो, केंद्राची आधी संमती लागते. आणि वन्यजीव कायद्याच्या कलम २६-अ मध्ये एक फार मोलाची अट आहे, स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्यासाठी पुरेशी तजवीज केल्यावरच हद्द ठरवायची. हे कलम १९९१ च्या दुरुस्तीने आलं. मालवणची अधिसूचना त्याच्या चार वर्षं आधीची. म्हणजे मालवणच्या ताईंच्या आजोबांची तक्रार पुढे कायद्यालाच मान्य करावी लागली, पण त्यांच्या पदरात ती तरतूद पडली नाही.

दुसरी गोष्ट, सगळ्या जागा अभयारण्यच कराव्या लागत नाहीत. आपल्या मुक्ताईनगरकडचं मुक्ताई-भवानी माहीत असेल, वाघांचं. ते ‘संवर्धन राखीव’ आहे. त्यात स्थानिक लोकांशी आधी विचारविनिमय करावा लागतो आणि व्यवस्थापनाच्या समितीत ग्रामपंचायतीचा माणूस बसतो. तामिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात समुद्रगायीसाठी, म्हणजे डुगाँगसाठी, ४४८ चौरस किलोमीटर राखलं ते याच प्रकारात. वाघासाठी आपल्याकडे जो प्रकार चालला तोच तिकडे समुद्रात चालतो. कोकणात याचा विचार व्हायला हवा असं माझं प्रामाणिक मत आहे.


भोईवाडा_प्रकाशा · सोमवार, दुपारी १.३०

मी लिहितोय, पण बोलणं आमच्या आबांचं आहे. वय ८१.

आबा सांगतात, खाली गुजरातमधलं उकाई धरण व्हायच्या आधी, म्हणजे १९७२ च्या आधी, तापीत एक मासा यायचा. सापासारखा लांब, माणसाच्या दंडाएवढा जाड, अंग चिकट, हातात ठरायचा नाही. धरला की राखेत लोळवून मगच कापायचा. वाम वेगळी, ती अजून मिळते. हा तिच्याहून मोठा. त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं, "हाऊ मासा खालथून येस." खालून म्हणजे कुठून ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. उकाईनंतर तो कमी होत गेला, मग प्रकाशाचं बॅरेज झालं, सारंगखेड्याचं झालं. आता तीस वर्षांत पाहिला नाही.

आता धरणातलं बीज सोडलेला कटला, रोहू मिळतो, चिलापी तर फारच. पोट चालतं. पण आबा तो मासा अजून विसरले नाहीत.


सुकटवाली_शहादा · सोमवार, दुपारी ३.१५

आबांना नमस्कार सांगा. आबा सांगतात तो बहुधा गोड्या पाण्यातला ईल असावा. त्याचं आयुष्य आपल्या नेहमीच्या माशांच्या उलट असतं. तो जन्मतो खोल समुद्रात. पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात, ती नदीच्या तोंडातून वर चढत येतात, नदीत कित्येक वर्षं वाढतात आणि अंडी घालायला परत समुद्रात जातात. म्हणजे आबांच्या वडिलांचं "खालथून येस" अक्षरशः खरं होतं. तो समुद्रातून यायचा, सुरतेवरून, तापी चढून, प्रकाशापर्यंत.

काकरापारचा बंधारा आणि उकाईची भिंत आल्यावर ती वाट बुजली.

बोरीकाठच्या दादांना उत्तर द्यायचं आहे, पण नीट विचार करून लिहीन.


रावेरकेळी · सोमवार, रात्री ८.५०

केळीवाला आहे. पाण्याच्या वादात पडत नाही, दुसरं सांगतो.

घडाला आपण पिशव्या घालतो. कापणी झाली की त्या बांधावर. ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंगचा पेपर, खताच्या गोण्या, सगळं बांधावर नाहीतर नाल्यात. पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की खाली तापीत हे सगळं. मागच्या वर्षी पूर ओसरल्यावर काठच्या बाभळींना पुरुषभर उंचीपर्यंत निळ्या पिशव्या लटकलेल्या होत्या. माझ्याच शेतातल्याही असतील.

कुणी म्हणेल उकाईत अडतं. काही अडतंही. पण प्लास्टिक उन्हाने तुकडे तुकडे होऊन बारीक होतं, मग काय अडणार? आणि खतांचं पाणी तर कुठेच अडत नाही. युरिया आपण गरजेपेक्षा जास्त टाकतो हे आपल्याला माहीत आहे. मी यंदा चार शेजाऱ्यांना घेऊन पिशव्या एकत्र गोळा केल्या, भंगारवाल्याने किलोवर घेतल्या. फार मोठं काम नाही, दोन दिवस गेले.


स्पर्धापरीक्षा_नंदुरबार · सोमवार, रात्री १०.४०

कायद्याचं थोडं सांगतो, कारण "सरकार" म्हणजे नेमकं कोण यातच गोंधळ होतो.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हे प्रादेशिक पाणी. तिथली मासेमारी राज्याच्या यादीत (नोंद २१). त्याच्या बाहेरची मासेमारी केंद्राच्या यादीत (नोंद ५७). २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे ३७० किलोमीटरपर्यंत, आपलं अनन्य आर्थिक क्षेत्र. त्यापलीकडे खुला समुद्र, कुणाचाच नाही.

याचा परिणाम आंग्रिया बँकेत दिसतो. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून जास्त अंतरावर पाण्याखाली बुडालेलं पठार आहे, पोवळ्यांनी भरलेलं. नाव कान्होजी आंग्रे यांच्यावरून. राज्य वन्यजीव मंडळाने २०२० मध्ये ते राखीव करायच्या बाजूने कौल दिला. पण ते २२ किलोमीटरच्या बाहेर आहे, तिथे राज्याला अभयारण्य करता येत नाही. १९७६ चा सागरी क्षेत्रांचा कायदा वापरून केंद्रालाच ते ‘नियुक्त क्षेत्र’ म्हणून जाहीर करावं लागतं. मासळी, पोवळी, देवमासे यांना ही २२ किलोमीटरची रेघ माहीत नसते.

खुल्या समुद्रासाठी २०२३ च्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांत करार झाला. भारताने २०२४ मध्ये सही केली. साठ देशांचं अनुसमर्थन झाल्यावर जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. त्यामुळे खुल्या समुद्रातही राखीव क्षेत्रं आखायची वाट मोकळी झालीय.


सातपुडा_पाडा · मंगळवार, सकाळी ६.२०

धडगावहून. रेंज मिळते तेव्हाच लिहिता येतं, एकदाच लिहितो.

आमची नर्मदा. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, सगळी आमच्या अक्कलकुवा-अक्राणीतली. आता त्या पाण्यात आम्ही मासे धरतो, सोसायट्या केल्या आहेत. ज्या जमिनीवर ज्वारी होती तिच्यावर आता जाळं टाकतो. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. दोन मुद्दे आहेत.

एक. नर्मदेच्या तोंडाशी, भरूचला, हिल्सा नावाचा मासा पावसाळ्यात समुद्रातून नदीत चढायचा. तिथल्या मच्छीमारांचं वर्षाचं उत्पन्न त्यावर होतं. धरणाने गोडं पाणी कमी झालं, खारं पाणी आत शिरलं, हिल्सा घटला. म्हणजे एकाच भिंतीने वरच्या अंगाला आमचं घर गेलं आणि खालच्या अंगाला त्यांचा मासा गेला. त्या माणसांना आम्ही कधी भेटलो नाही, तरी दुःख एकाच पाण्याचं आहे.

दोन. जंगलात आमच्याकडे २००६ चा वनहक्क कायदा आहे. सामूहिक हक्कात जंगलातल्या पाण्यातले मासेसुद्धा येतात. ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार आहे. हा कागद मिळवायला किती मोर्चे काढले, किती पायी चाललो, ते आमचं आम्हाला माहीत. पण मिळाल्यापासून काही पाड्यांनी स्वतः कुऱ्हाडबंदी केली, बांबू राखला. हक्क मिळाला की माणूस राखतो. समुद्रावरच्या कोळ्याला असा कायदाच नाही. त्याचे बापजादे त्याच पाण्यात गेले, तरी त्या पाण्यावर त्याचं नाव कुठे नाही. आधी ते द्या, मग राखीव करा. उलट केलं तर मालवणसारखंच होईल.


मालवणची_लेक · मंगळवार, सकाळी ९.००

सातपुड्याच्या भाऊंचं शेवटचं वाक्य मी माहेरच्या ग्रुपवर पाठवलं. काकांनी तीन वेळा वाचलं.

चांगलंही एक सांगते. २०१८ पासून आपल्या राज्यात एक योजना आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी बहिरी, म्हणजे व्हेल शार्क, असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं तर जाळ्याची भरपाई मिळते, २५ हजारांपर्यंत. सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ द्यायचा. माझ्या चुलतभावाने एकदा कासव सोडलं. आमचा माणूस कासवाला देव मानतो, त्याला मारायचं नसतंच, पण जाळं कापायचं म्हणजे महिन्याची कमाई कापणं. भरपाई आहे म्हटल्यावर सुरी लगेच निघते. तो व्हिडिओ आईकडे आहे. कासव पाण्यात गेल्यावर होडीतले सगळे नुसतेच त्या जागेकडे बघत राहतात, कुणी बोलत नाही.


निवृत्त_वनपाल · मंगळवार, सकाळी ११.३५

याला जोडून गुजरातचं सांगतो. वेरावळकडे व्हेल शार्कची पूर्वी मोठी शिकार व्हायची, यकृतातल्या तेलासाठी. २००१ मध्ये त्याला कायद्याचं पूर्ण संरक्षण मिळालं, पण नुसत्या कायद्याने फरक पडला नसता. मोरारी बापूंनी लोकांना समजावलं, तो मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, तिला मारायचं नाही. त्याचं नावच ‘वहाली’ पडलं. पुढे तिथल्याच मच्छीमारांनी शेकडो वहाली जाळी कापून सोडल्या. सीमेपलीकडचं आहे, पण भाषा आपल्याला कळते अशी आहे.


सुकटवाली_शहादा · मंगळवार, रात्री ९.२०

बोरीकाठचे दादा, तुम्ही दुखावलात, त्याबद्दल आधी माफी मागते. धरण नको असं मला म्हणायचं नव्हतं. आमच्या शेतातही सारंगखेडा बॅरेजचं पाणी आहे, मग मी तुम्हाला नको कसं म्हणू? पाडळसरे व्हायलाच हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ‘वाया’ हा शब्द काढून टाकू. शेताला लागतं तसं नदीलाही पाणी लागतं, आणि तिच्या तोंडाशी जगणाऱ्यांनाही. धरणाचा आराखडा होताना शेतीचं पाणी, पिण्याचं पाणी, कारखान्याचं पाणी असे रकाने असतात. त्यात नदीचं स्वतःचं पाणी हा रकाना असावा. तोही पावसाळ्यातला, कारण मासा तेव्हाच चढतो आणि गाळ तेव्हाच जातो. तापीला ते पाणी जुलै-ऑगस्टमध्ये द्यायचं, मार्चमध्ये नाही. मार्चचं पाणी तुमच्या गावाचंच आहे.

एक वेगळी भीतीही सांगते. आपण वर पाणी अडवतो, खाली उकाई अडवते, पण कधीतरी एकदम सोडावं लागतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडालं. आमच्या ओळखीची एक बाई तिथे मजुरीला गेलेली, चार दिवस माळ्यावर होती. नदी पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडी अशी चालवली की असं होतं.

आणि समुद्राच्या बाजूने. राखीव क्षेत्राची आखणी करणारे नकाशावर किनाऱ्यापासून पाण्याकडे बघतात. त्यांनी एकदा मागे वळून नदीकडेही बघावं. आखातातली एखादी मासळीची जागा राखली, पण तिला गोडं पाणी देणारी नदी पावसाळ्यातही आटलेली असली तर त्या रेघेत राहणार काय? कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ चं, देशातलं पहिलं. त्याच्या शेजारीच बंदरं आणि तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. रेघ आत कितीही ठळक काढली तरी पाणी बाहेरूनच येतं.


बोरीकाठचा_शेतकरी · बुधवार, सकाळी ७.४५

ताई, माफी कशाला. मी पण जरा तोडून बोललो.

रात्री वडिलांना वाचून दाखवलं. ते पाडळसरेच्या आंदोलनात पहिल्यापासून आहेत. ते म्हणाले, पूर्वी कानबाई विसर्जनाला बोरीवर जायचो तेव्हा पोरं पाण्यात उड्या मारायची, आता टँकरचं पाणी पिंपात ओतून विसर्जन करतो. नदीचं स्वतःचं पाणी म्हणतात ते हेच असेल तर त्याला माझा विरोध नाही.

पण एक अट. ‘नदीचं पाणी’ हा रकाना आला की तो आमच्याच वाट्यातून कापतील आणि शहराच्या, कारखान्याच्या वाट्याला हात लावणार नाहीत, ही आमची भीती आहे आणि ती अनुभवातून आलीय. कुणाच्या वाट्यातून किती, हे लिहून यायला हवं. ते लिहिलेलं असेल तर मी सही करतो.


स्पर्धापरीक्षा_नंदुरबार · बुधवार, दुपारी १२.१०

या सगळ्याचं एक निवेदन सरकारला देऊ. दादांचा मुद्दा त्यात पहिला घ्या. मसुदा मी करतो. सध्या एवढे मुद्दे दिसतात: समुद्रात नवं राखीव क्षेत्र आखण्याआधी तिथल्या मच्छीमार गावांत, त्यांच्या भाषेत, सुनावणी. अभयारण्याऐवजी संवर्धन राखीवचा पर्याय तपासणं. तापी-नर्मदेच्या मुखाशी पावसाळ्यात पोचणाऱ्या पाण्याचं मोजमाप, आणि त्यासाठी कुणाच्या वाट्यातून किती घेणार याची लेखी नोंद. धडगावच्या भाऊंनी सांगितलेला कोळ्यांच्या हक्काचा मुद्दा स्वतंत्र परिच्छेदात.


सातपुडा_पाडा · बुधवार, संध्याकाळी ५.५०

आमच्या सोसायटीच्या लेटरहेडवर पाठवा. ठराव करून घेतो. पुढच्या सोमवारी बैठक आहे.


भोईवाडा_प्रकाशा · बुधवार, रात्री ८.१५

आबा विचारतात, त्या माशाला चढायला धरणात पायऱ्या करता येतात का? कुणीतरी त्यांना असं सांगितलंय.


निवृत्त_वनपाल · बुधवार, रात्री ९.००

करतात आबा. मासे चढतील अशी टप्प्याटप्प्याची वाट ठेवतात. गंगेवर फरक्क्याच्या बंधाऱ्यात हिल्सासाठी तशी सोय आहे. उकाईसारख्या उंच भिंतीला ते फार अवघड. पण बॅरेज बुटकी असतात, प्रकाशा-सारंगखेड्याला विचार करता येईल. निवेदनात घाला.


सुकटवाली_शहादा · गुरुवार, रात्री ९.५०

आज बाजार होता. वसईच्या व्यापाऱ्याला सांगून ठेवलंय की ठरलेल्या मापाखालचा बोंबील आमच्याकडे पाठवू नका, दोन पैसे जास्त घ्या पण मोठा द्या. तो म्हणाला, १८० मिलिमीटर हे ओल्या माशाचं माप आहे, वाळल्यावर थोडा आखडतो, तेवढं धरून चाला. मग मी आईसाठी एका पट्टीवर रेघ मारून दिली.

मोठा माल आलाच नाही. आईने टोपलीत जवळा, वाकटी आणि सुका बांगडा मांडला. जवळा मुळातच बारीक असतो, त्याचं पाप नाही असं ती म्हणते. पट्टी पदराला बांधून बसली होती. गिऱ्हाईकं बोंबील विचारत होती. एका नेहमीच्या मावशींनी तर टोपलीखालचं पोतं उचलूनच बघितलं. आईने त्यांना सांगितलं, "मोठा व्हई तवय ई."

धडगावच्या भाऊंनी ठराव झाला की कळवा. मसुदा आला की मी आणि आई दोघी सही करू. तिला मराठी वाचता येतं, तिला सगळा वाचायचा आहे.